‘प्रेमरोग’ की ‘बाबुल’: घरच्यांसोबत कोणता बघावा?

विधवेचं दुसरं लग्न हा हिंदी सिनेमाने नेहमी कडेकडेने हाताळलेला विषय. ‘शोले’त (१९७५) ठाकूर आपली विधवा सून राधा हिच्या वडिलांकडे जाऊन जयशी तिच्या पुनर्विवाहाची गोष्ट काढतो खरा, पण जय मरतो आणि राधा पुन्हा खिडकीआड जाते. हाच विषय मधोमध ठेवून, मोठे नट, मोठी घरं, भरपूर गाणी असा सगळा थाट करून काढलेले चित्रपट मोजकेच आहेत. त्यातले दोन ठळक म्हणजे राज कपूर यांचा ‘प्रेमरोग’ (१९८२) आणि रवी चोप्रा यांचा ‘बाबुल’ (२००६). दोन्ही चांगलेच लांब. एकाच संध्याकाळी दोन्ही होणार नाहीत, म्हणून निवड करावी लागते.

समीक्षकांचं म्हणाल तर पारडं सरळ ‘प्रेमरोग’कडे झुकतं. ‘बॉबी’ आणि ‘सत्यम् शिवम् सुंदरम्’नंतर राज कपूर पुन्हा सामाजिक प्रश्नाकडे वळले, याचं स्वागत झालं. चित्रपट चालला. दिग्दर्शनाचं फिल्मफेअर त्यांना मिळालं, संकलनाचंही त्यांनाच, आणि नायिका मनोरमेच्या भूमिकेसाठी पद्मिनी कोल्हापुरेला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं. चित्रपट लागला तेव्हा ती सोळा वर्षांची होती. हे माहीत असून बघितलं की विधवा झाल्यानंतरचे तिचे प्रसंग अंगावर येतात, कारण ती मोठ्या बाईचं दुःख वठवत नाही. कालपर्यंत वाड्यात हुंदडणारी मुलगी जशी गोंधळेल, तशीच ती गोंधळलेली दिसते.

‘बाबुल’च्या वाट्याला तसं कौतुक आलं नाही. ‘बागबान’च्या (२००३) यशानंतर त्याच चोप्रा घराण्याचा, पुन्हा अमिताभ-हेमामालिनी जोडीचा चित्रपट म्हणून अपेक्षा मोठ्या होत्या आणि परीक्षणांमध्ये त्याच जुन्या चित्रपटाशी तुलना झाली. मुख्य तक्रार पूर्वार्धाबद्दल होती. सलमान खान आणि राणी मुखर्जीची थट्टामस्करी, गाणी, बापलेकाचे विनोद यांत इतका वेळ जातो की मूळ विषयाला हात लागेपर्यंत प्रेक्षक सैलावलेला असतो. उत्तरार्ध भावनेने ओथंबलेला, शेवटची भाषणं लांब. अभिनयाबद्दल मात्र बरं बोललं गेलं. मला ही तक्रार रास्त वाटते.

तरीही निवडताना परीक्षणांवरच थांबू नये, कारण हे दोन चित्रपट एकाच प्रश्नाची दोन वेगळी टोकं धरतात.

‘प्रेमरोग’चा राग सरंजामी घराण्यावर आहे. ठाकुरांची मुलगी मनोरमा आणि त्याच गावातला अनाथ, गरीब देवधर (ऋषी कपूर). तिचं लग्न तोलामोलाच्या घरात होतं, नवरा अपघातात जातो, थोरला दीर तिच्यावर बलात्कार करतो आणि ती माहेरी परतते. लग्नाआधी मनोरमा मैत्रिणींच्या गराड्यात माहेराचा निरोप घेणारं गाणं म्हणते. लताबाईंचा आवाज, सजलेला वाडा, सगळीकडे रंग. फार दिवस जात नाहीत आणि तीच मुलगी त्याच वाड्यात पांढऱ्या कपड्यांत येते. घर तेच, माणसं तीच, फक्त तिच्याशी वागायचे नियम बदललेले. जेवण वेगळं, झोपणं वेगळं, केसांवर गदा. विधवेचं आयुष्य कशाकशाने आवळलं जातं हे कामना चंद्रा आणि जैनेंद्र जैन यांच्या लेखनात अशा बारीकसारीक गोष्टींतून कळत जातं, म्हणूनच पुढचं बंड पटतं.

(मराठी प्रेक्षकाला इथे आणखी एक ओढ आहे. मनोरमेची आई नंदा, सासरची जाऊ तनुजा, नवरा विजयेंद्र घाटगे आणि स्वतः पद्मिनी. राजपूत ठाकुरांच्या या गोष्टीत आपलीच माणसं किती!)

‘बाबुल’मध्ये खलनायक नाही. सासरची माणसं प्रेमळ आणि श्रीमंत आहेत, सून मिली त्यांची लाडकी आहे, पदरात लहान मुलगा आहे. नवरा (सलमान खान) गेल्यावर मिलीचं खचणं सासऱ्याला (अमिताभ) बघवत नाही. तिच्यावर आधीपासून प्रेम करणाऱ्या रजतला (जॉन अब्राहम) शोधायला तो निघतो. अडवतात ते घरचेच. आधी त्याची बायको शोभना (हेमामालिनी), मग त्याचा थोरला भाऊ बलवंत (ओम पुरी). अचला नागर यांच्या पटकथेतला सर्वांत सच्चा भाग मला इथे दिसतो. शोभना वाईट सासू नाही. सून गेली तर मुलाची उरलेली शेवटची खूण, नातूही जाईल, ही तिची भीती आहे. ती भीती कितीतरी घरांत बोलली जात नाही, पण निर्णय तीच घेते. आणि घरातच वावरणारी विधवा पुष्पा (सारिका) म्हणजे मिलीचं पुढचं आयुष्य कसं असेल याचा जिताजागता नमुना. सारिकाला संवाद थोडे आहेत, तरी ती नुसती दाराशी उभी राहिली तरी अमिताभच्या लांबलचक भाषणाइतकं सांगून जाते. तिला जास्त वाव मिळायला हवा होता.

एक आक्षेप दोघांवरही घ्यायला हवा. दोन्हीकडे दुसरा नवरा हा आधीपासून प्रेम करणारा माणूस आहे. त्यामुळे पुनर्विवाह हा अर्धवट राहिलेल्या प्रेमकथेचा शेवट ठरतो आणि प्रेक्षकाला तो गिळायला सोपा जातो. अनोळखी माणसाशी, ठरवून, दोघांनी एकमेकांना पारखून केलेलं दुसरं लग्न दोन्ही चित्रपटांत नाही. शिवाय झगडतात पुरुष. ‘प्रेमरोग’मध्ये देवधर, ‘बाबुल’मध्ये सासरा. त्यातल्या त्यात मनोरमेवर काय बेतलं हे आपण तिच्या सोबतीने भोगतो. मिलीच्या बाबतीत तिला काय हवं हे विचारायला ‘बाबुल’ फार उशीर करतो. सासरा परदेशी जाऊन स्थळ शोधून येतो आणि सून ते मागाहून ऐकते, हे माझ्या मते त्या चित्रपटाचं मोठं वैगुण्य आहे. समीक्षकांनी लांबीवर जेवढी टीका केली, तेवढी यावर व्हायला हवी होती.

मग कोणता? सिनेमा म्हणून एकच बघायचा असेल तर ‘प्रेमरोग’, यात मला शंका नाही. लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचं संगीत आणि राधू कर्मकार यांचं छायाचित्रण आजही टिकून आहे. पण मुलं सोबत असतील तर बलात्काराचा प्रसंग लक्षात घ्या. तो सूचकतेने उरकलेला नाही, आणि राज कपूर यांचा कॅमेरा स्त्रीदेहाकडे ज्या नजरेने बघतो त्याबद्दल जे आक्षेप नेहमी घेतले जातात ते इथेही लागू होतात.

तुमच्या घरात खरोखरच असा प्रश्न उभा असेल, भावजय किंवा सून तरुणपणी एकटी पडली असेल आणि मोठी माणसं गप्प असतील, तर ‘बाबुल’ लावा. ‘प्रेमरोग’ बघून वडीलधारे म्हणतील, आपण काही असे ठाकूर नाही. ‘बाबुल’ बघताना त्यांना ती पळवाट नाही, कारण तिथली माणसं त्यांच्यासारखीच आहेत. पूर्वार्ध कंटाळवाणा झाला तर मध्यंतराच्या थोडं आधीपासून सुरू केला तरी गोष्ट कळते.

आणि लग्न हाच एक मार्ग का, असं घरातल्या कुणी विचारलं, तर नागेश कुकुनूर यांचा ‘डोर’ही २००६चाच आहे. त्यात आयेशा टाकियाची मीरा तरुण विधवा आहे, आणि तिची वाट दुसऱ्या लग्नाकडे जात नाही.