पाच पॅचचा लॉट मागवला, एक डुप्लिकेट निघाला (३/५)

सोलापुरात समुद्र म्हणजे कंबर तलाव, तरीपण मला कोस्ट गार्डच्या रेस्क्यू स्टेशनांचे जुने भरतकामाचे पॅच जमवायचं खूळ आहे, घरचे याला मोनोग्रामचं वेड म्हणतात. यावेळी परदेशातल्या एका ऑनलाइन सेलरकडून पाचचा लॉट घेतला, २८०० रुपये, वर कस्टम वेगळं, पोचायला महिना. पॅकिंग एक नंबर, प्रत्येक पॅच वेगळ्या पाकिटात, मागे पुठ्ठा.

चार ओरिजिनल. त्यातला केप डिसअपॉइंटमेंटचा तर बघतच बसलो, कोलंबिया नदी पॅसिफिकला मिळते तिथलं हे अमेरिकन स्टेशन, लाटा एवढ्या बेकार की कोस्ट गार्डनं मोटर लाइफबोट चालवायची शाळाच तिथं काढलीय. कडेनं सुईची बारीक भोकं आहेत, म्हणजे कुणाच्या तरी जॅकेटवरून उसवलेला, खरंच समुद्र बघून आलेला माल.

पाचव्यानं घोळ केला. वर्णनात १९७० च्या सुमाराचा लिहिलेलं, फोटो फक्त पुढून (मागचा मागितला नाही ही चूक माझीच). पॅचवर बोट आहे आणि तिचा नंबर ४७ नं सुरू होतो. आता तिकडच्या छोट्या बोटींच्या नंबरातले पहिले दोन आकडे म्हणजे फुटात लांबी, अन् ४७ फुटी लाइफबोट आली १९९० च्या दशकात, त्याआधी ४४ फुटी होती, मग १९७० ला ही कुठनं आली?

तरी साखर पेठेत शाळेच्या युनिफॉर्मचे मोनोग्राम करणाऱ्या मामांकडे नेला. त्यांनी पुढची बाजू बघितलीच नाही, उलटा करून नखानं खरवडला, "प्लास्टिक हाय की बे मागं, इस्त्रीनं चिकटवायचा माल हाय." मग नोटा तपासायच्या निळ्या लाइटखाली धरला तर पांढरा दोरा ट्यूबलाइटसारखा चमकला. जुना सुती दोरा सहसा चमकत नाही, पण डिटर्जंटमध्ये धुतलेला असला तर चमकतो, त्यामुळं नुसत्या लाइटवर जाऊ नका.

सेलरनं मात्र भांडण न करता त्या एकाचे पैसे परत केले, म्हणून तीन स्टार, नाहीतर दोनच होते. पॅच ठेवून घ्या म्हणाला. मामांना म्हटलं तुम्हीच ठेवा, तर ते म्हणे, "हे नको, तो भोकंवाला दे एक दिवस, कॉम्प्युटरला घालतो, ५० पीस काढू." तेव्हापासून जुने पॅच घेऊन त्यांच्याकडं जायचं बंद केलंय.