जेल रोडवरचं मोबाईलचं दुकान: खरं सांगणारा माणूस

इंदूरला जेल रोडवर मोबाईलची दुकानं ढिगानं आहेत, पण मी ह्या एकाच छोट्या दुकानात परत जाईन. बाबांचा बनियनवरचा, डॉक्टरला पाठवायचा खांद्याच्या पुरळाचा फोटो चुकून फेसबुक स्टोरीला गेला, सगळे नातेवाईक फोनवर फोन, आणि बाबा ठाम की अकाउंट हॅक झालंय. दुकानदार दादांनी काही न बोलता सेटिंगमधली लॉगिनची यादी उघडली, त्यात एकच फोन, आमचाच, वेळही तीच. मग हळूच म्हणाले, "काका, बोट चुकलं, होतं असं." बाबांचा चेहरा उतरला पण विषय संपला.

मला तर तो अमेरिकेतला खासदार अँथनी वीनर आठवला, २०११ च्या मे मध्ये खाजगी पाठवायचा फोटो ट्विटरवर सगळ्यांना दिसला, आधी हॅक झालं म्हणाला, ६ जूनला कबूल केलं आणि १६ जूनला राजीनामा जाहीर. त्याचं प्रकरण वेगळंच, पण पहिल्याच दिवशी खरं बोलणं किती सोपं असतं हो!

दादांनी टू-स्टेप (पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणारी सोय) पण लावून दिलं, पैसे घेतले नाहीत. तासभर थांबावं लागलं, गाडी लावायला जागा नाही, तरी जाच.