चौदा महिन्यांनंतर: ड्राइव्ह चांगला, पण पुसताना घाम फुटला

480 जीबीचा हा साटा एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी फ्लॅश चिपवर डेटा साठवणारा ड्राइव्ह) मी चौदा महिने रोज वापरला. वेगाबद्दल तक्रार नाही. तक्रार सुरू झाली ती जुनी पार्टिशन (ड्राइव्हचे वेगवेगळे भाग) मोडून नवी मांडणी करण्याआधी सगळा डेटा खरोखर पुसायचे ठरवले तेव्हा.

हार्ड डिस्कच्या सवयीने मी आधी संपूर्ण ड्राइव्हवर शून्ये लिहिली आणि खात्री वाटेना म्हणून पुन्हा एकदा लिहिली. चौदा महिन्यांत जेमतेम 5 टीबी लेखन झाले होते. ‘स्मार्ट’मधला, म्हणजे ड्राइव्ह स्वतःच ठेवत असलेल्या नोंदींतला, तो आकडा एका दुपारीत जवळजवळ 1 टीबीने वाढला, आणि एसएसडीवर लेखन मर्यादितच करता येते म्हणून मी त्याचा हिशेब ठेवणारा माणूस असल्याने हे अजूनही मनाला लागते. शिवाय ते लेखन बरेचसे वाया गेले, कारण ड्राइव्हमधला कंट्रोलर (नियंत्रक चिप) नवे लेखन फ्लॅशच्या वेगळ्याच सेलकडे वळवतो आणि संगणकाला न दिसणाऱ्या राखीव फ्लॅशमध्ये जुन्या फायलींचे तुकडे उरू शकतात.

यासाठी फर्मवेअरमध्येच, म्हणजे ड्राइव्हच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये, सगळे पुसणारी ‘सिक्युअर इरेज’ ही आज्ञा असते. उत्पादकाच्या सॉफ्टवेअरने मात्र ‘ड्राइव्ह फ्रोझन आहे’ (म्हणजे अशा आज्ञा तो घेत नाही) एवढेच सांगून हात वर केले. सेवा विभागाला तीन ईमेल पाठवले. तिन्ही वेळा ‘फॉरमॅट करा’ हेच उत्तर आले. झटपट फॉरमॅटने फाइल सिस्टिम नवी होते, डेटा पुसल्याची हमी मिळत नाही, हे त्यांना मी सांगायचे?

एकच तारा द्यायचा, असे येथवर ठरले होते. नंतर कळले की फ्रोझन अवस्था ड्राइव्ह स्वतः लावून घेत नाही. एखाद्या घातक प्रोग्रामने परस्पर पासवर्ड लावू नये म्हणून संगणक सुरू होताना बायोस, म्हणजे सर्वांत आधी चालणारा मदरबोर्डवरचा प्रोग्राम, ती लावतो. पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालू केले, लॅपटॉप स्लीपमध्ये घालून जागा केला आणि ‘एचडीपार्म’ या ड्राइव्हला आज्ञा देणाऱ्या लिनक्स प्रोग्रामने ‘नॉट फ्रोझन’ दाखवले. तात्पुरता पासवर्ड लावून पुसण्याची आज्ञा दिली. अंदाज 2 मिनिटांचा होता, काम मिनिटभराच्या आत झाले. मधेच वीज गेली तर ड्राइव्ह त्या पासवर्डने कुलूपबंद राहू शकतो, म्हणून बॅटरी भरलेली असूनही चार्जर काढला नाही. यूएसबी एन्क्लोजरमधून (ड्राइव्ह बाहेरून जोडायच्या डबीतून) हा खटाटोप करू नये. अनेक एन्क्लोजर ही आज्ञा पुढे पोहोचवतच नाहीत.

सॅन दिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी 2011 मध्ये केलेल्या चाचणीत एका ड्राइव्हने पुसल्याचे कळवूनही डेटा जागेवरच सापडला होता. म्हणून मी सगळा ड्राइव्ह वाचून पाहिला. सर्वत्र शून्ये होती. राखीव सेलमध्ये डोकावता येत नाही, तेथे फर्मवेअरवर विश्वास ठेवणे आले. मग जीपीटी तक्ता (पार्टिशनची नोंद ठेवणारी यादी) करून दोन पार्टिशन 1 एमआयबीच्या (1,048,576 बाइटच्या) सीमेवर बसवली.

ड्राइव्हला चार तारे. पाचवा कापला तो सोबतच्या पत्रकासाठी: त्यात वॉरंटीच्या अटी बारीक अक्षरांत पानभर आहेत, लॅपटॉप एकदा झोपवून उठवा एवढी ओळ मात्र नाही.