आरईएसपीचा ‘ग्रुप प्लॅन’ घेताय? आमचं काय झालं ते वाचा

कॅनडात नव्याने स्थायिक झालेल्या मराठी आईबापांसाठी हे मुद्दाम लिहितेय. घरात बाळ आलं की आरईएसपी, म्हणजे मुलांच्या पुढच्या शिक्षणासाठीचं बचत खातं, विकणारे दारात हजर होतात. आमच्याकडे आलेला एजंट मराठीच. “वहिनी, सरकार फुकट पैसे देतंय, सोडता कशाला?” म्हणाला. त्यात खोटं काही नव्हतं. वर्षाला २,५०० डॉलर भरले की सरकार त्यावर २० टक्के, म्हणजे ५०० डॉलर ग्रँट देतं, एका मुलामागे एकूण ७,२०० डॉलरपर्यंत. पण हीच ग्रँट बँकेतल्या साध्या आरईएसपीतही मिळते, हे त्याने शेवटपर्यंत सांगितलं नाही. जणू त्याची कंपनीच ती देते, असा आव.

त्याने आमच्या गळ्यात मारला तो ग्रुप प्लॅन, म्हणजे अनेक मुलांचे पैसे एकत्र ठेवणारी योजना. त्यात पैसे ‘युनिट’वर, म्हणजे योजनेतल्या वाट्यांवर, भरायचे आणि प्रत्येक युनिटमागे नोंदणी शुल्क. पहिलं स्टेटमेंट आलं तेव्हा भरलेल्या हप्त्यांच्या रकान्यासमोर शुल्काचा रकाना जवळजवळ तेवढाच, आणि मुलाच्या नावावर उरलेली रक्कम अगदी किरकोळ. विचारलं तर, “ते शेवटी परत मिळतं, वहिनी.” असा प्लॅन ६० दिवसांत रद्द केला तर सगळे पैसे परत मिळतात. नियमांची जाड पुस्तिका त्याने आमच्या हातात दिली ती मुदत उलटून गेल्यावर!

खरा फटका पैसे काढताना बसला. मुलाने दोन वर्षांचा डिप्लोमा घेतला. “कुठलाही कोर्स चालतो,” असं एजंट आमच्या सोफ्यावर बसून म्हणाला होता. सरकारी नियमाने डिप्लोमा खरोखरच चालतो. पण आमच्या प्लॅनमध्ये वाढीचे, म्हणजे मुद्दलावर झालेल्या कमाईचे, पैसे मिळणार ते दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या वर्षी. दोन वर्षांत शिक्षण संपणाऱ्याला एकच वाटा, बाकीचा गटातल्या इतर मुलांना. इतकी वर्षं पोटाला चिमटा काढून भरलेल्या पैशांवरची वाढ अशी गेली. कंपनीतली बाई फोनवर शांतपणे म्हणाली, “पुस्तिकेत लिहिलंय.” मला अजूनही त्याचा संताप येतो.

त्याआधी, ऍडमिशन व्हायची होती तेव्हा, त्याच एजंटाचा फोन आला होता. “मुद्दल आत्ताच काढा, टॅक्स लागत नाही, दुसऱ्या पॉलिसीत टाकू.” टॅक्स लागत नाही हे बरोबर. पण कॉलेजात नाव लागण्याआधी मुद्दल काढलं तर ग्रँट सरकारकडे परत जाते. बँकेत काम करणाऱ्या शेजारणीने वेळीच सांगितलं म्हणून तेवढं तरी वाचलं.

साध्या आरईएसपीतून पैसे काढणाऱ्यांनी आधी कॉलेजकडून प्रवेशाचा दाखला घ्यावा. ग्रँट आणि वाढ मुलाच्या उत्पन्नात धरली जाते, आणि विद्यार्थ्याचं उत्पन्न बेताचं असल्याने टॅक्स बहुधा नाममात्र लागतो. पूर्णवेळ विद्यार्थ्याला पहिल्या १३ आठवड्यांत यातले ८,००० डॉलरपर्यंतच काढता येतात. तेव्हा फीची तारीख बघून बेत आखा. मुलाने शिक्षण लांबवलं तरी घाबरून खातं मोडू नका, ते साधारण ३५ वर्षं चालू ठेवता येतं.

आम्ही कंपनीकडे लेखी तक्रार दिली आहे. ऑन्टारियोत या विक्रेत्यांवर ऑन्टारियो सिक्युरिटीज कमिशनची देखरेख असते, तिथेही कळवलंय. ज्यांची सही होऊन ६० दिवस झालेले नाहीत, त्यांनी आजच प्लॅन समरी (योजनेचा छोटा सारांश) मागून घ्या, पैसे कोणत्या वर्षी मिळणार ते बघा, आणि पटलं नाही तर लेखी कळवून रद्द करा. एजंटाला फोनवर सांगून थांबू नका.