सोलरच्या बिलाचं ॲप: आकडा इन्व्हर्टरचा धरावा की नेट मीटरचा?

घरगुती रूफटॉप सोलरच्या बिलाचं ॲप करायला घेतलं की पहिला निर्णय हाच असतो: आकडे इन्व्हर्टरच्या (पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणाऱ्या यंत्राच्या) क्लाउडवरून घ्यायचे, की नेट मीटर (ग्रिडकडून घेतलेली आणि ग्रिडला दिलेली वीज मोजणारा मीटर) आणि वीजबिलावरून? आमच्या ग्राहकांसाठी ॲप करताना आम्ही दोन्ही वापरून पाहिले.

इन्व्हर्टरवालं ॲप दिसायला देखणं. दर काही मिनिटांनी आकडा येतो, आणि दुपारपर्यंत चढत जाणारा आलेख लोक आवडीने बघतात. पॅनेलवर सावली येऊ लागली किंवा एखादी स्ट्रिंग, म्हणजे एकत्र जोडलेल्या पॅनेलची रांग, बंद पडली तर त्याच दिवशी समजतं. हा फायदा खरंच मोठा आहे. घरचा राउटर बदलला की इन्व्हर्टरचे आकडे इंटरनेटवर पाठवणारा डोंगल गप्प बसतो, पण त्यावर उपाय करता येतो.

आम्हाला जड गेला तो बिल आल्यावर येणारा फोन. ‘ॲपमध्ये ३६० युनिट दिसतात आणि बिलात २१०च कसे? बाकीचे १५० गेले कुठे?’ ते कुठेच गेलेले नसतात. दिवसा फ्रीज, पाण्याची मोटर, वॉशिंग मशीन यांनी ते घरातच वापरलेले असतात. नेट मीटर फक्त वेशीवरची ये-जा मोजतो, त्यामुळे घरातल्या घरात संपलेली वीज बिलावर कुठेच दिसत नाही. ग्रिडकडून घेतलेले २३०, दिलेले २१०, म्हणून आकारणी २० युनिटची. हिशेब चोख असतो, पण माणसाच्या मनात शंका बसते ती बसतेच. ३ किलोवॉटला ७८,००० रुपयांचं अनुदान मिळवून, पदरचे पैसे घालून त्याने सोलर बसवलेलं असतं. शून्य बिलाची वाट बघणाऱ्या त्याला स्थिर आकार तरीही भरावा लागतो, हे ॲपने सांगितलेलंच नसतं. त्यात ॲपचा महिना १ तारखेला सुरू होतो आणि बिलाचा मीटर रीडिंगच्या तारखेला. म्हणजे वजाबाकी करून समजावायला जावं तर तीही जुळत नाही.

नेट मीटरवर बेतलेलं ॲप त्यामानाने रुक्ष. आकडा महिन्यातून एकदाच बदलतो. मध्येच रीडिंग हवं असेल तर मीटरसमोर उभं राहून सरकत्या स्क्रीनवर इम्पोर्ट (ग्रिडकडून घेतलेले युनिट) आणि एक्स्पोर्ट (ग्रिडला दिलेले) नेमके पकडून फोटो काढावे लागतात, आणि वयस्कर ग्राहकांना ते कटकटीचं वाटतं. सिस्टीममधला बिघाडही उशिरा कळतो. पण ॲप आणि हातातलं बिल यांत तफावत राहत नाही. आमच्याकडे तरी तसे फोन जवळपास थांबले.

तुमचं मुख्य काम देखभालीचं असेल तर इन्व्हर्टरचा डेटाच बरा, हे मी मान्य करीन. बिलासाठी मात्र मी वरच्या स्क्रीनवर बिलाचेच आकडे ठेवीन: इम्पोर्ट, एक्स्पोर्ट, पुढे ओढलेले (पुढच्या बिलासाठी शिल्लक राहिलेले) युनिट आणि स्थिर आकार वेगळा. इन्व्हर्टरचा आकडा त्याखाली, आणि त्यातून एक्स्पोर्ट वजा करून ‘घरातच वापरले’ अशी एक ओळ. नोंदणी करतानाच मागच्या बिलावरची रीडिंगची तारीख विचारून घ्या आणि ॲपचा महिना तिथूनच सुरू करा. शिवाय शिल्लक युनिट आर्थिक वर्षाच्या शेवटी निकाली निघतात, म्हणून एप्रिलमध्ये ती शिल्लक शून्य का झाली हे पुढे ओढलेल्या युनिटच्या ओळीखालीच लिहून ठेवा.