बटरनट की काबोचा? लाल भोपळ्याच्या जागी काय घ्यावं

सप्टेंबर संपत आला की बॉस्टनच्या आसपास शेतांच्या दारात भोपळ्यांचे ढीग लागतात. हिरवे, पिवळे, पट्ट्यापट्ट्यांचे, गाठाळ, हवे तसले मिळतात. नसतो तो फक्त आपला डांगर, म्हणजे लाल भोपळा. (बायको नागपूरची, ती त्याला कोहळं म्हणते. त्यावरची चर्चा पंचवीस वर्षं चालू आहे.) भारतीय दुकानात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली फोड मिळते, पण बियांच्या बाजूने ती बहुधा बुळबुळीत झालेली असते. गंमत अशी की लाल भोपळ्याचं सगळं कुळ मूळचं अमेरिका खंडातलं. ते तिकडून आपल्याकडे गेलं आणि आता आम्ही इथे त्याला शोधत फिरतो.

लेक व्हीगन झाल्यापासून, म्हणजे दूध-दही-तूपही सोडल्यापासून, हा प्रश्न जास्तच टोचायला लागला. पूर्वी भोपळा फिका निघाला तर भरतात दही होतं, घारग्यावर तुपाचा गोळा होता, झाकून जायचं. आता भोपळ्याला स्वतःच्याच चवीवर उभं राहावं लागतं. म्हणून दोन-तीन हंगाम आलटून पालटून करून पाहिलं.

एकॉर्न आणि स्पॅगेटी स्क्वॉश हे इथले दोन भोपळे आधीच बाजूला काढतो. एकॉर्नच्या खाचांमधून साल काढता काढता माणूस वैतागतो आणि हाती येते ती पाणचट चव. स्पॅगेटीच्या शिजल्यावर शेवया होतात. त्याची भाजी केली तर डब्यात काय दिलं होतं, असं मुलं संध्याकाळी विचारतात. तेव्हा खरी निवड दोघांतच. एक बटरनट, म्हणजे लांब मानेचा, फिक्या बदामी रंगाचा. दुसरा काबोचा, हा बसका, गडद हिरवा, कोरियन किंवा जपानी दुकानात हमखास मिळणारा.

नात्याने पाहिलं तर बटरनट जवळचा. आपला लाल भोपळा बहुतेक कुकुर्बिटा मोशाटा या जातीचा आणि बटरनटही त्याच जातीचा. काबोचा मॅक्सिमा, म्हणजे चुलत घराणं. शिवाय बटरनट आमच्या गावचा. वॉल्थम बटरनट हे नावाजलेलं वाण इथूनच काही मैलांवरच्या वॉल्थमचं, आणि 1970 साली त्याला राष्ट्रीय पातळीवरचा पुरस्कारही मिळाला होता. त्यामुळे मन आधी त्याच्याच बाजूने होतं, हे कबूल करतो.

पण रोजची भाजी करून बघा. तेलात मोहरी, मेथीदाणे, हिंग, दोन सुक्या मिरच्या, फोडी, झाकणावर पाणी. शेवटी गूळ आणि ओलं खोबरं. बटरनट लवकर शिजतो आणि पाणी सोडतो. झाकण काढलं की फोडी रश्शात पोहत असतात, चव गोड पण पातळ. काबोचा पाणी सोडत नाही, उलट पितो. आठ-नऊ मिनिटांत फोड बाहेरून अख्खी, आत रताळ्यासारखी भुसभुशीत. मेथीदाण्याचा कडवटपणा त्या गोडव्याला असा धरून बसतो की मी पोळी बाजूला ठेवून नुसती भाजी खातो. बायकोने त्याचीच खसखस आणि सुकं खोबरं वाटून बाकर भाजी केली. जेवताना ती काही बोलली नाही, पण दुसऱ्यांदा वाढून घेतली.

भरतात मात्र काबोचा जरा घशात अडकतो. दह्याऐवजी दाण्याचं कूट आणि लिंबू घालतो, तर मिश्रण अगदी कोरडं होतं. दोन-तीन चमचे नारळाचं दूध घातलं की जमतं. बटरनटचं भरीत करायचं तर वाफवलेला गर आधी चाळणीत निथळत ठेवावा लागतो. इथे मी दोघांना सारखे गुण देईन.

काबोचाचा दोष लपवत नाही. तो दगड असतो. पहिल्यांदा सुरी अर्ध्यात रुतली आणि उचलायला गेलो तर सुरीसकट अख्खा भोपळा वर आला. आता सालीला चार ठिकाणी टोचून मायक्रोवेव्हमध्ये तीन-चार मिनिटं ठेवतो, मग कापतो. आणखी एक, घाई करू नका. ताजा काढलेला काबोचा पिठूळ आणि फिका लागतो. काही आठवडे ठेवला की आतल्या पिठाची साखर होते. देठ बुचासारखा वाळलेला असेल तोच उचला. (आणि कुठलाही भोपळा चाखताना कडू लागला तर दुधीसारखाच सरळ फेकून द्यावा, तिथे काटकसर नको.)

हे सगळं एकीकडे. माझा निर्णय झाला तो मात्र चवीवर नाही, हातांवर.

आमच्याकडे सोलायचं काम माझं. बटरनटची साल काढली की खालून बारीक थेंब येतात, दिसायला अगदी निरुपद्रवी. दहा मिनिटांनी बोटं आवळायला लागतात. लहानपणी शाळेत तळहातावर फेविकॉल वाळवून सोलायचो ना, तसा पापुद्रा, फक्त हा सुटत नाही. साबण लावला, मीठ चोळलं, घासणीने घासलं. फोनला अंगठा ओळखू येईना. दुसऱ्या दिवशी बोटांच्या टोकांची कातडी निघाली. फणस कापताना लावतो तसं आधी तेल लावून पाहिलं. थोडा फरक पडला, पण तेलकट हात, गुळगुळीत भोपळा आणि धारदार सोलाणं हा मेळ मला धोक्याचा वाटला. हातमोजे घालूनही झालं. मंगळवारच्या भाजीसाठी ऑपरेशनची तयारी केल्यासारखं वाटायचं. चिरलेल्या फोडींचा डबा आणला, तर त्या महाग आणि कडेने सुकलेल्या.

काबोचाला हा प्रश्नच नाही, कारण तो सोलावा लागत नाही. आपल्याकडे तरी कितीक घरांत भोपळा सालीसकटच शिजतो. काबोचाची हिरवी साल शिजून मऊ होते आणि फोडीला आकार धरून ठेवते. बटरनटचीही तशीच ठेवून पाहिली, भाजीत ती चिवट लागली.

आता खरं सांगायचं तर सगळ्यांच्या हातांना असं होत नाही. बायकोच्या हाताला काहीच होत नाही, त्यामुळे माझी तक्रार तिला नाटकी वाटते. तुमची कातडी दणकट असेल तर बटरनट वाईट नाही. स्वस्त आहे, कुठेही मिळतो, मान सगळी गरच असल्याने वायाही कमी जातो.

आणि घारग्यांना तोच हवा. दोन वाट्या कीस, पाऊण वाटी गूळ, मंद आचेवर ठेवलं की त्याचंच पाणी सुटतं. त्यात मावेल तेवढी कणीक, थोडी तांदळाची पिठी, गरम तेलाचं मोहन, वेलची. पाण्याचा थेंब लागत नाही आणि घारगे दुसऱ्या दिवशीही मऊ राहतात. काबोचाचे करून पाहिले, पुरीऐवजी बिस्किटं झाली. त्यामुळे दिवाळीच्या आधी एक बटरनट घरात येतोच. तो बायको सोलते.