लॅटिन घरीच शिकायचं: व्हिडिओ बघून की ऑडिओ ऐकून?

दहावीचा शेवटचा पेपर मार्चमध्ये होतो आणि अकरावीचं गाडं रुळावर यायला पावसाळा उजाडतो. लॅटिनला हात घालायला यापेक्षा बरा काळ नाही. शिकवणी शोधत फिरायचीही गरज नाही, कारण या भाषेचं बोलकं साहित्य नेटवर भरपूर आहे. पेच निवडीचा आहे: व्याकरण समजावणारे व्हिडिओ घ्यावेत, की धडे ऐकत ऐकत पुढे जावं?

आधी एक गैरसमज. ‘नीट’ परीक्षेला उपयोग होईल म्हणून लॅटिन शिकू नका. मिरजेतल्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं ‘बीडी’ म्हणजे ‘बिस इन दिए’, दिवसातून दोनदा. ‘टीडीएस’ म्हणजे दिवसातून तीनदा घ्यायचं. एवढ्यासाठी शंभरेक शब्दांची यादी पाठ केली तरी पुरतं. भाषेचीच ओढ असेल तर मात्र आपल्या शिवारातच गंमत सापडते. उसाचं शास्त्रीय नाव ‘साक्खारुम ऑफिकिनारुम’. ‘ऑफिकिना’ म्हणजे कार्यशाळा, कारखाना, आणि पुढे औषधांचं कोठार. ‘आरुम’ हा षष्ठीच्या अनेकवचनाचा प्रत्यय. म्हणजे शब्दशः ‘कारखान्यांचा’ ऊस! सांगलीकराला हे फोड करून सांगायला नको. संस्कृत ‘तासाम्’ (‘त्यांचं’, स्त्रीलिंगी) यातला ‘आसाम्’ तो हाच. दोन स्वरांमधल्या ‘स’चा लॅटिनमध्ये ‘र’ झाला.

निवडीचा पहिला निकष इथेच लागतो. आठवी ते दहावी पूर्ण संस्कृत घेतलं होतं का? इंग्रजीतले बहुतेक व्याकरण-व्हिडिओ ज्याला विभक्ती म्हणजे काय हेच ठाऊक नाही अशा विद्यार्थ्यासाठी बनलेले असतात. कर्ता आणि कर्म समजावण्यात त्यांचा पहिला आठवडा जातो. ‘रामः’ आणि ‘रामम्’ यांतला फरक कळणाऱ्या मुलाला तो वेळ फुकट. ‘अब्लातिवुस’ विभक्तीला तिथे ‘ने’, ‘पासून’, ‘मध्ये’ असे अर्थ घोकायला लावतात; संस्कृतवाल्याला एक वाक्य पुरतं, की तृतीया, पंचमी आणि सप्तमी या तिघींचं काम लॅटिनमध्ये एकीकडेच आलं. द्विवचनही नाही, दोन-चार शब्दांतले अवशेष सोडले तर.

म्हणून संस्कृत झालेल्यांना आमचं मत सरळ आहे: ऑडिओ आणि हातात क्रमिक पुस्तक. पुस्तक म्हणून डॅनिश शिक्षक हान्स ओर्बर्ग यांचं ‘फामिलिआ रोमाना’ घ्यावं. पस्तीस धडे, पहिल्या पानापासून सगळं लॅटिनमध्येच, अर्थ संदर्भाने आणि समासातल्या चित्रांनी कळत जातो. त्याची ध्वनिमुद्रणं मिळतात. यूट्यूबवर ल्यूक रानिएरी यांच्या ‘स्कॉर्पिओमार्तिआनुस’ या वाहिनीवरही धडे ऐकता येतात, आणि तिथे ऱ्हस्व-दीर्घ काटेकोर पाळलेले असतात.

एका धड्याला चार बैठका द्या. पहिल्या दिवशी पुस्तक मिटून एकदा ऐका. निम्मं निसटलं तरी चालेल. मग पुस्तक उघडून बोट ओळीखाली ठेवत दोनदा. दुसऱ्या दिवशी निवेदकाच्या मागोमाग, अर्ध्या सेकंदाच्या अंतराने मोठ्याने म्हणा. तिसऱ्या दिवशी धड्याखालचे प्रश्न तोंडी, चौथ्या दिवशी लेखी. सुरुवातीला आठवड्याला एक धडा जमतो. नवव्या धड्यात तिसऱ्या गणाची (म्हणजे एकाच पद्धतीने चालणाऱ्या नामांच्या तिसऱ्या गटातली) नामं येतात आणि बहुतेकांची गाडी तिथे अडते, कारण प्रथमेवरून मूळ रूप ओळखू येत नाही. तिथे दोन आठवडे द्या आणि प्रत्येक नाम षष्ठीसकट पाठ करा. सोळाव्या धड्यातली कर्मणि रूपाची पण कर्तरी अर्थाची क्रियापदं इंग्रजी माध्यमाला विचित्र वाटतात. आत्मनेपद पाहिलेल्याला नाही.

ऑडिओत हमखास होणारी चूक म्हणजे नवा धडा थेट मिरज-सांगली बसमध्ये, इअरफोन लावून ऐकणं. मजकूर समोर नसला की सगळं नुसतं गुणगुणणं होतं. बससाठी जुने, झालेले धडेच ठेवा. डेटाचा हिशोबही ऑडिओच्याच बाजूने: ६४ केबीपीएसचं तासाभराचं ध्वनिमुद्रण २९ एमबीच्या आसपास बसतं, तर ४८०पी व्हिडिओ तासाला काहीशे एमबी खातो.

संस्कृत न घेतलेल्यांचं गणित वेगळं. त्यांनी पहिले पाच-सहा आठवडे धड्याच्या जोडीने आठवड्याला एक व्याकरण-व्हिडिओ जरूर बघावा. विभक्तीची कल्पना डोक्यात बसल्याशिवाय नुसत्या ऐकण्याने काही हाती लागत नाही. पण व्हिडिओ निवडण्यापूर्वी शिक्षकाची परीक्षा घ्या. ‘रोसा’ (गुलाब) या शब्दाची प्रथमा आणि अब्लातिवुस लिहिताना सारखीच दिसते, फक्त दुसरीच्या शेवटचा स्वर दीर्घ असतो. दोन्ही एकसारख्या उच्चारल्या तर तो व्हिडिओ बंद करा. ‘त’च्या जागी इंग्रजी धाटणीचा ‘ट’ ऐकू आला तरीही. लॅटिनचे ‘त’ आणि ‘द’ आपल्यासारखेच दंत्य आहेत, आणि ‘व’ही मराठी ‘व’च्या जवळचा, इंग्रजी वळणाच्या शिक्षकाचं ऐकून हातचं घालवू नका.

मराठी जिभेचे स्वतःचे दोष मात्र आहेत. आपण शब्दाच्या शेवटचा ‘इ’, ‘उ’ सवयीने दीर्घ करतो आणि शेवटचा ‘अ’ गिळतो. त्यात लॅटिनचा आखूड ‘आ’ लिहायला देवनागरीत अक्षरच नाही. आपला ‘अ’ म्हणजे तो नव्हे. म्हणून वहीत लॅटिन देवनागरीत उतरवू नका. रोमन लिपीतच लिहा आणि दीर्घ स्वरावर आडवी रेघ द्या. ‘मालुम’मधला पहिला ‘आ’ दीर्घ असेल तर सफरचंद, आखूड असेल तर वाईट. ही रेघ चुकली की पुढे कवितेचं वृत्त कधीच बसत नाही.

ड्युओलिंगोवर २०१९पासून लॅटिन आहे. कोर्स लहान आणि स्वरांवर रेघा नाहीत. दोन आठवडे गोडी लागते का बघायला ठीक, पुढे वेळेचा अपव्यय. माइनक्राफ्टच्या दुनियेत लॅटिन बोलणाऱ्या ‘मॅजिस्टर क्राफ्ट’चे व्हिडिओ विरंगुळ्याला चांगले, पण दहाएक धडे झाल्यावर. व्हॅटिकन रेडिओचं साप्ताहिक लॅटिन बातमीपत्र तूर्त दूर ठेवा. त्यात चर्चचा उच्चार असतो: रोमन वक्ता सिसेरो याचं अभिजात ‘किकेरो’ तिथे ‘चिचेरो’ होतं, ‘काइलुम’चं (आकाश) ‘चेलुम’. दोन्ही उच्चार आपापल्या जागी बरोबर आहेत, पण पहिल्या वर्षी एकच धरा.

अकरावी सायन्स आणि संध्याकाळचे क्लास सुरू झाले की व्हिडिओ आधी सुटतात. त्यांना टेबल, शांतता आणि सलग अर्धा तास लागतो. झालेले धडे बसमध्ये ऐकणं तेवढं टिकतं. त्यामुळे जूनअखेरपर्यंत नववा धडा ओलांडला जाईल अशा बेताने एप्रिलची सुरुवात करा.